रसवंतीची चिपाडं, जुना फ्लेक्स आणि दुधाच्या पिशव्या: परड्यातल्या खताच्या नोंदी

गल्लीतल्या पाच घरांचा ओला कचरा आमच्या परड्यातच जिरवायचा आणि त्यासाठी होता होईल तेवढं टाकाऊच वापरायचं, असं ठरवून हे काम हाती घेतलं. जागा कोल्हापुरातल्या शिवाजी पेठेतली, ऊन दुपारी दोनपर्यंत, खाली जुनी फरशी. ज्यांना असंच काही करायचं आहे त्यांना आमचा गेलेला वेळ तरी वाचावा म्हणून तारखेनं लिहून ठेवते आहे.

९ मार्च २०२५

मागच्या वर्षी खड्डा काढून त्यात नुसता भाजीपाल्याचा कचरा टाकत होतो. पंधरवड्यात चिखल झाला आणि वास शेजारच्या स्वयंपाकघरात शिरला. ओल्या कचऱ्याला कोरड्याची जोड लागते. पेठेत झाडं कमी, त्यामुळे पालापाचोळा फारसा मिळत नाही. वखारीतला भुसा बघितला, पण त्यात प्लायवूडचा भुसा मिसळलेला असतो आणि त्यात गोंद असतो, तो भाजीच्या मातीत नको. कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाची, पाच किलोची वीट दोन-अडीचशेला पडते आणि ती येते परराज्यातून.

आणि इथं उसाच्या गावात रसवंतीशेजारी चिपाडांचे ढीग पडलेले असतात. गुऱ्हाळावर चिपाड कधी वाया जात नाही. वाळवलं की तेच चुलवाणाला जळण, त्याच्यावरच काहिलीतला रस आटतो. शहरातल्या रसवंतीवर मात्र चुलवाण नाही, म्हणून तेच चिपाड कचरा ठरतं आणि संध्याकाळी गाडीत जातं. रंकाळ्याकडं जाताना लागणाऱ्या एका रसवंतीवाल्या दादांना विचारलं. ते म्हणाले, "न्हेतासा व्हय? न्ह्या की! रोज सांजच्याला उचलायचीच कटकट हाय. फकस्त पोती तुमची आणा." सिमेंटची रिकामी पोती शेजारच्या बांधकामावर मिळाली. झटकून, धुऊन वाळत घातली आहेत.

१५ मार्च

भंगारवाल्याकडून दोनशे लिटरची दोन निळी पिंपं आणली, साडेसहाशेला एक. घेताना आधी लेबल वाचा. पहिलं दाखवलेलं पिंप स्वस्तात होतं, पण त्यावर आम्लाची खूण होती, ते परत केलं. आम्ही घेतलेल्या पिंपांत लोणच्याच्या कैऱ्या येत असाव्यात, आतून अजून हळद-मिठाचा वास येतो. सोड्याच्या पाण्यानं दोनदा धुतली.

भोकं तापवलेल्या सळईनं पाडायला गेलो तर प्लास्टिकचा धूर डोळ्यांत आणि छातीत गेला. ते लगेच थांबवलं. शेजारच्या भाऊजींचं ड्रिल आणलं आणि आठ मिलिमीटरच्या बिटनं वीतभर अंतरावर चारी बाजूंनी भोकं घेतली, बुडाला जरा दाट. मधोमध उभा करायला जुन्या ड्रेनेज पाइपचा तुकडा, त्यालाही भोकं. पिंपं विटांवर ठेवली, खाली काळं पाणी धरायला रंगाच्या बादलीचं झाकण.

२५ मार्च

पहिला भर पूर्ण फसला. २० तारखेला रसवंतीवरून आणलेली ताजी चिपाडं तशीच थराथरानं घातली होती. आज पिंप उघडलं तर ताडीसारखा आंबट वास, वर चिलटांचा ढग आणि कडेनं लाल मुंग्यांची रांग. ऊस घाण्यातून तीन-चार वेळा फिरवला तरी चिपाडात साखर राहतेच. हवा न मिळणाऱ्या ओल्या थरात ती आंबते. शिवाय प्रत्येक चिपाड हातभर लांब, त्यामुळे खोरं आत शिरेना. सगळं एकमेकांत अडकलेलं, वर ओढलं की अर्धं पिंपच वर यायचं.

सगळं फरशीवर ओतलं. हाताळताना चिपाडांत अडकलेल्या लिंबाच्या फोडी आणि आल्याचे तुकडे निघाले. लिंबं थोडी असतील तर चालतात, पण एका पोत्यात निम्मी लिंबंच होती, ती वेगळी काढली. संध्याकाळ त्यातच गेली.

यातून दोन गोष्टी ठरल्या. चिपाड आधी वाळवायचं, आणि मग बारीक करायचं.

३० मार्च, पाडवा

गच्चीवर चिपाडं पसरायला जुना वाढदिवसाचा फ्लेक्स वापरला, छापील बाजू खाली. कोल्हापुरात फ्लेक्सला तोटा नाही, कार्यक्रम झाला की उतरवलेला कुणीही देतं. दोन-तीन कडक उन्हांत चिपाड पांढरं पडून कडकडीत होतं आणि मुंग्याही पांगतात. दिवसातून एकदा परतावं लागतं, नाहीतर खालचा थर ओला राहून बुरशी धरतो.

बारीक करायला कोयता आणि लाकडाचा ओंडका घेऊन बसलो. दोघांनी मिळून अख्खा दुपारचा वेळ घालवला, एक पोतंही झालं नाही आणि हाताला फोड आले. यात काही अर्थ नाही.

४ एप्रिल

तोडगा गोठ्यात सापडला. शुक्रवार पेठेतल्या गोठेवाल्या मामांकडं कडबा कुट्टीचं यंत्र आहे. विजेच्या बिलाचे शंभर रुपये ठरवून पोती घेऊन गेले. एक पोतं नीट वाळलं नव्हतं, ते आधी घातलं आणि धागे रोलरला गुंडाळून यंत्र घरघरत थांबलं. मामांनी आधी बटण बंद केलं, मग वायर काढली, आणि विळ्यानं गुंडाळा कापत बसले. म्हणाले, "ओला ऊस कापतंय हे, वैनी. पण ओल्या चिपाडाला धार लागत न्हाई, त्याचा दोर हुतोय. वाळवूनच आणत जावा."

वाळलेली पोती मात्र सुपारी कातरावी तशी कटाकटा कापली गेली. बोटाच्या पेराएवढे तुकडे पडले, धूळही पुष्कळ उडाली. तोंडाला रुमाल बांधाच. पदर, ओढणी, मोकळे केस यंत्राजवळ नेऊ नका आणि हातानं आत ढकलू नका. मामा लाकडी दांडक्यानं ढकलतात, आम्हालाही तेच करायला लावलं.

निघताना त्यांनी बादलीभर ताजं शेण दिलं. गंगावेशीत कट्ट्यावर म्हशीची धार काढून दूध देणारे हे लोक, पेठेतच गोठे असल्यामुळे आपल्याला शेण हाकेच्या अंतरावर मिळतं. ज्यांच्या गावात हे नाही त्यांनी आंबट ताक आणि गुळाचं पाणी वापरलं तरी चालतं, फक्त सुरुवात सावकाश होते.

६ एप्रिल

नवीन भर. एक बादली ओला कचरा, दोन बादल्या चिपाडाची कुट्टी, वर तांब्याभर शेणकाला, म्हणजे पाण्यात कालवलेलं शेण. हे माप बादलीचं आहे, वजनाचं नाही. चिपाडात कर्ब-नत्राचं (कार्बन-नायट्रोजनचं) प्रमाण १०० च्या पुढे असतं, भाजीच्या कचऱ्यात १५-२० च्या आसपास, आणि खताच्या ढिगाला २५-३० मानवतं. घरी कुणी हे मोजत बसत नाही, नाकावर काम चालतं. अमोनियाचा झणका आला तर कुट्टी कमी पडली. आंबट किंवा सडका वास आला तर हवा कमी पडली, म्हणजे खाली-वर करायचं.

कुट्टी आधी शेणकाल्यात भिजवून निथळून घेतली. कोरडी टाकली तर ती वरच्या वर राहते आणि आतलं पाणी शोषत बसते. ओल तपासायला मूठभर उचलून दाबायचं. बोटांच्या फटीतून एखाद-दुसरा थेंब आला की पुरे, धार लागली तर जास्त झालं.

पिंपाच्या तोंडावर सासूबाईंच्या जुन्या सुती लुगड्याचा दुहेरी तुकडा, सुतळीनं बांधलेला. हवा जाते, चिलटं जात नाहीत. नायलॉनच्या साडीखाली वाफ अडकून थेंब पडतात, म्हणून सुतीच घ्या.

१० एप्रिल

लोखंडी सळई मध्यभागी खुपसून पाच मिनिटांनी काढली तर हातात धरवेना. पिंप पेटलं! पहिल्यांदाच वाटलं की हे जमतंय. सकाळी लुगडं उघडलं की वाफ येते आणि पावसानंतरच्या रानासारखा वास.

१४ एप्रिल

ज्योतिबाच्या यात्रेहून गल्लीत आलेला दवणा पिंपात गेला. गुलालानं माखलेले हार बाजूला ठेवले. त्या रंगात काय असतं ते पाकिटावर लिहिलेलं नसतं, भाजीच्या खतात ते नको.

२७ एप्रिल

आता कचरा देणाऱ्या घरांबद्दल. सोमवारची बादली सगळ्यात त्रासाची. रविवारी घरोघरी मटण असतं, मग सोमवारी हाडं, तेलाचा तवंग आलेला तांबडा रस्सा आणि चिकट भात. हाडांच्या वासानं मांजरांनी लुगडं फाडलं, रात्री कुत्री पिंपाशी. तेलकट रस्सा कुट्टीवर बसला की तो भाग काळा पडतो, तापत नाही. म्हणून नियम केला: हाडं, रस्सा, तेल पिंपात नाही. समोरच्या आक्कांना आधी राग आला, "मग ते कुठं टाकायचं?" हाडं घंटागाडीला वेगळी देतो. रस्सा उरतच नाही असं जेवण बनवायचं त्यांनी स्वतःच ठरवलं, आणि ते जमलंही.

नियम तसा आपल्या सगळ्यांना आधीपासूनच आहे. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत घरातच ओला, सुका आणि घातक कचरा वेगळा करायला सांगितलं होतं. वेगळा न केलेला कचरा शेवटी लाईन बझारच्या झूमवर, म्हणजे कचरा डेपोवर, जातो आणि तिथला ढिगारा बघितलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

याच आठवड्यात दुधाच्या पिशव्यांचं काम सुरू केलं. एक बारीक गोष्ट फार महत्त्वाची आहे. आपण पिशवीचा कोपरा कात्रीनं कापतो, तो नखाएवढा तुकडा खाली पडतो आणि कचऱ्यात जातो. पिशवी भंगारात जाईल, तुकडा कधीच जाणार नाही. तो गटारात किंवा ओल्या कचऱ्यात, म्हणजे शेवटी आमच्या चाळणीवर. म्हणून अर्धवटच कापायचं, कोपरा पिशवीला लोंबकळत राहिला पाहिजे. दूध ओतून झालं की पिशवी लगेच विसळायची, ते पाणी झाडाला घालायचं, आणि पिशवी दोरीवर वाळत घालायची. स्वच्छ पिशव्या भंगारवाला किलोवर घेतो. चांगल्या निघालेल्या आम्ही रोपांसाठी ठेवतो.

२४ मे

यंदा मे महिन्यातच पावसानं गाठलं. आम्ही वळिवाची एखादी सर धरून चाललो होतो, ही झड लागली. पिंपांवर फ्लेक्सचं छत बांधलेलं होतं, पण सपाट. मध्ये पाण्याचा फुगा झाला, रात्री एका कोपऱ्याची कडी तुटली आणि सगळं पाणी एका पिंपात. सकाळी बुडाच्या भोकांतून काळं पाणी वाहत होतं आणि वास सडका.

काय केलं ते नीट लिहिते, कारण कोल्हापुरात हा प्रसंग प्रत्येकावर येणार. आधी पिंप आडवं करून पाणी निथळू दिलं. मग अर्धा माल बाहेर काढून व्हरांड्यात पोत्यांवर पसरला. साठवलेली कोरडी कुट्टी अंदाजापेक्षा दुप्पट लागली. ती नसती तर भर फेकूनच द्यावा लागला असता. तीन-चार दिवसांत पुन्हा ऊब आली, पण पहिल्यासारखी सळई तापली नाही.

छत आता उतारावर आहे. मागं भिंतीतल्या खुंट्यांना उंच, पुढं बांबूला खाली, दोरी घट्ट. फ्लेक्स कड्यांपाशी फाटतो, म्हणून कडेला जुन्या सायकल ट्यूबची पट्टी दुमडून शिवली आणि तिच्यातून दोरी घेतली. ट्यूब ताण घेते. उन्हानं फ्लेक्स कडक होऊन त्याची पापुद्र्यासारखी पूड पडायला लागली की तो लगेच बदला, ती पूड खतात नको. आणि जुना फ्लेक्स जाळू नका. त्यावर पीव्हीसीचा थर असतो, जाळला की विषारी वायू निघतो.

२२ जून

पहिलं पिंप रिकामं केलं. जुन्या खिडकीच्या चौकटीवर बारीक जाळी ठोकून चाळण केली, जाळीचे दोनशे चाळीस रुपये गेले. भरला होता त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढा माल उरला. खाली पडला तो काळा, मोकळा, मातीच्या वासाचा. वर राहिलेले चिपाडाचे तुकडे फेकले नाहीत. त्यांच्यावर जिवाणू बसलेले असतात, दुसऱ्या पिंपाला तेच विरजण.

१२ जुलै

खत झालं असं समजून टबात पालक लावला होता. पंधरा दिवसांत पानं पिवळी, खालून वर. पाणी जास्त झालं असेल म्हणून पाणी तोडलं, फरक नाही. मग हात घालून बघितलं तर खतात अजून चिपाडाचे सोनेरी धागे. धागे कुजायला नत्र लागतं, ते मातीतून ओढून घेतात आणि रोपाला काही उरत नाही. पातळ शेणकाला दोनदा दिला, नवी पानं हिरवी आली. जुनी पिवळी पानं मात्र गेलीच.

चाचणी आधी करायला हवी होती, ती अशी. ओलसर खत मूठभर घेऊन दुधाच्या पिशवीत घट्ट बांधायचं, तीन दिवसांनी उघडायचं. आंबट वास आला तर खत अजून कच्चं. त्याच खतात बशीभर मेथी पेरायची, नुसत्या मातीतल्या बशीशी ताडून बघायची. चाळलेलं खत आता महिनाभर पोत्यात मुरू देतो, तोंड सैल बांधून.

२० जुलै

पिशव्यांतली रोपं. अर्ध्या लिटरच्या पिशवीत वांगं, मिरची, टोमॅटो चांगलं येतं. तळाशी कागद पाडायच्या पंचनं चार भोकं. पहिल्या खेपेला एकच भोक होतं, मिरचीची रोपं बुडाशी कुजून गेली. मेथी-कोथिंबिरीला पिशवी नको, ती थेट टबात पेरा. लावणीच्या वेळी पिशवी फाडायची नाही. उलटी करून तळ दाबला की मातीचा गोळा अख्खा बाहेर येतो आणि धुतलेली पिशवी पुन्हा कामाला येते.

१७ ऑगस्ट

पिंपात करड्या, चपट्या, बोटाच्या पेराएवढ्या अळ्या. शेजारच्या वहिनी घाबरून म्हणाल्या, "हे घरात आलं तर?" या काळ्या सैनिक माशीच्या अळ्या. मोठी झालेली माशी चावत नाही, अन्नावर बसत नाही, रोग पसरवत नाही, आणि अळ्या ओला कचरा घरच्या कुणाहीपेक्षा वेगानं संपवतात. राहू दिल्या. मात्र त्या दिसायला लागल्या म्हणजे ओल आणि ओला कचरा जास्त आहे, म्हणून कुट्टी वाढवली. कोषात जायची वेळ झाली की त्या कोरड्या जागेकडं चढतात, तेव्हा लुगडं घट्ट बांधलेलं असू द्या.

४ सप्टेंबर

घरगुती गणपती आणि गौरी परवा गेल्या. विसर्जनाच्या जागी, पंचगंगा घाटावर, इराणी खणीवर निर्माल्य वेगळं गोळा होतं, पण पाच घरांनी यंदा ते परड्यातच आणायचं ठरवलं. झेंडू, दूर्वा, केळीची पानं, गौरीचा तेरडा. निवडायला बसलो तेव्हा कळलं की फुलं सोपी, दोरे अवघड. सुती दोऱ्यात ओवलेले हार तसेच जातात. नायलॉनचा दोरा कुजत नाही, कुट्टीत गेला तर यंत्राला गुंडाळतो. प्रत्येक हार कापून दोरा ओढून काढावा लागला. त्यात सोनेरी लेस, थर्माकोलचे मणी आणि दोन प्लास्टिकची कमळं. पुढच्या वर्षी हार घेतानाच दोरा बघून घ्यायचं घराघरांत सांगून झालं.

केळीचे खुंट पाण्यानं भरलेले असतात. एक अख्खा टाकून बघितला, त्याच्याभोवतीचा सगळा भाग थंड पडला. चकत्या करून दोन दिवस सुकवूनच घाला.

१९ ऑक्टोबर

हिशोब. पिंपं १३००, जाळी २४०, ड्रिलचं बिट ८०, गोठ्यातलं वीजबिल ३००. एकूण १९२० रुपये. फ्लेक्स, पाइप, पोती, लुगडी, बादल्या, शेण फुकट. पैशापेक्षा वेळ जास्त गेला, त्यातला निम्मा चिपाड वाळवण्यात. पाच घरांतून घंटागाडीला जाणारी ओली बादली आता जवळजवळ रिकामी असते, सोमवार सोडला तर. टबात वांगी, मिरच्या आहेत. पालक दुसऱ्या पेऱ्यात हिरवागार.

९ नोव्हेंबर

कोरडी कुट्टी संपली. रसवंती पावसाळ्यापासून फेब्रुवारीपर्यंत बंद असते, आणि ओला कचरा तर बारा महिने येतो. ही अडचण मार्चमध्ये लक्षातच आली नव्हती. सध्या कुजका पाला आणि फाडलेले पुठ्ठे घालून दिवस काढतो आहोत. पुठ्ठ्यावरची टेप आधी काढा, ती कुजत नाही. पुठ्ठा पाणी धरतो पण लवकर लगदा होतो, कुट्टीसारखी हवा खेळत नाही.

साठवणीचा अंदाज आता आला आहे. पाच घरांच्या कचऱ्याला महिन्याला साधारण तीन पोती कोरडी कुट्टी लागते, पावसाळ्यात चार. म्हणजे मेअखेरपर्यंत, पावसाळा आणि पुढं जानेवारीपर्यंतचे महिने धरून, अठ्ठावीस-तीस पोती तयार हवीत. पोती जमिनीवर ठेवली तर उंदीर पोखरतात आणि खालून ओल धरते, म्हणून जिन्याखाली फळ्यांवर रचायची. रसवंतीवाल्या दादांना आत्ताच सांगून ठेवलं. ते म्हणाले, "फेब्रुवारीत घाणा लावतो, तवा पोती घिऊन या. लिंबं येगळी टाकाय पोराला सांगतो."